ट्यूनर काय करतो, काय करत नाही

हौशी रेडिओचा परवाना हाती आला की बहुतेकांची पहिली अँटेना डायपोलच असते. सारख्या लांबीच्या दोन तारा, मध्ये केबलची जोडणी, टोकांना इन्सुलेटर आणि दोरी. १४३ ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागले की तारेची एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती साधारण २० मीटर भरते. ४० मीटर बँडवर अशी तार ५० ओहमच्या केबलशी चांगली जुळते. अडते ते दुसऱ्या बँडवर जाताना. मग अनेक जण स्वयंचलित अँटेना ट्यूनर आणतात आणि प्रश्न सुटला असे समजतात.

ट्यूनरचे बटण दाबले की आत रिलेंची भराभर टकटक सुरू होते. प्रत्येक रिले एखादी कॉइल किंवा कपॅसिटर जोडतो, नाहीतर सोडवतो. ७ कॉइल आणि ७ कपॅसिटर असले, तरी त्यांच्या १६ हजारांहून अधिक जुळण्या होतात. आतला मायक्रोप्रोसेसर एसडब्ल्यूआर (जुळणी किती बिघडली आहे याचे माप; १:१ म्हणजे पूर्ण जुळणी) मोजत त्यातली योग्य जुळणी शोधतो. काही सेकंदांत टकटक थांबते आणि मीटरचा काटा १:१ च्या जवळ येतो. ती जुळणी स्मरणातही राहते.

पण जुळले काय, हे नीट समजून घ्या. ट्यूनर रेडिओशेजारी असेल, तर रेडिओला हवे ते ५० ओहम मिळाले, एवढेच. केबल आणि तार यांच्यातला बेबनाव जसाच्या तसा राहतो. तारेकडून परतलेली शक्ती ट्यूनरपाशी येऊन पुन्हा वर जाते, म्हणजे ती लगेच वाया जात नाही. मात्र प्रत्येक खेपेला केबल आपला वाटा उष्णतेच्या रूपाने काढून घेते.

८० मीटर बँडवर ३.६ मेगाहर्ट्झसाठी कापलेली डायपोल घ्या. बँडच्या कडेला एसडब्ल्यूआर २ किंवा ३ पर्यंत चढतो आणि रेडिओ स्वतःला जपण्यासाठी शक्ती कमी करतो. इथे रेडिओतला ट्यूनर खरा उपयोगी पडतो. इतक्या खालच्या फ्रिक्वेन्सीवर केबलमधले जादा नुकसान नगण्य असते.

आता सुरुवातीची ४० मीटर बँडची डायपोल १४ मेगाहर्ट्झवर लावा. तारेच्या मध्याशी काही हजार ओहम येतात. २० मीटर आरजी-५८ केबल वापरली असेल, तर १०० वॉटमधले तारेपर्यंत जेमतेम १० च्या आसपास पोहोचतात. जास्त पल्ल्याचा बाहेरचा ट्यूनर असेल, तर मीटर तेव्हाही समाधानाने १:१ दाखवतो. म्हणून मीटरवर विसंबू नका.

यावर उपाय आहेत. तीच तार ४५० ओहमच्या लॅडर लाइनने खाली आणा आणि ट्यूनरपाशी बॅलन (समतोल लाइन असमतोल बाजूशी जोडणारा ट्रान्सफॉर्मर) लावा. समांतर तारांच्या या फीडरमध्ये नुकसान इतके कमी असते, की एकच डायपोल ४० पासून १० मीटरपर्यंतच्या बँडवर चालवता येते. फक्त ही लाइन लोखंडी गज, पाइप आणि ओल्या भिंतीपासून दूर ठेवावी लागते. जागेमुळे ते जमत नसेल, तर पावसापासून सुरक्षित असा ट्यूनर थेट अँटेनाच्या मध्याशी बसवा. जुळणी तारेपाशीच होते, म्हणून केबलला त्रास होत नाही. ट्यूनरचे वजन तारेला झेपत नाही, त्यासाठी मध्ये खांब हवा.

कोकणात, मुंबईत राहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. पावसाळ्यात कनेक्टरमधून केबलमध्ये पाणी शिरले, की नुकसान वाढते आणि परतणारी शक्ती वाटेतच मुरल्यामुळे एसडब्ल्यूआर उलट सुधारल्यासारखा दिसतो. आकडा चांगला झाला आणि लांबची स्टेशने ऐकू येईनाशी झाली, तर आधी केबल तपासा. कनेक्टरवर स्वतःलाच चिकटणारा रबरी टेप घट्ट गुंडाळणे हे स्वस्त आणि खात्रीचे काम आहे.

ट्यून करण्यापूर्वी फ्रिक्वेन्सी मोकळी आहे का ते ऐका, विचारा, आपले कॉल साइन सांगा आणि १० वॉटच्या आसपासच शक्ती ठेवा. दुसऱ्याचे बोलणे तुटता कामा नये.

या साऱ्याचे मोल संकटात कळते. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद यांच्यासह हौशी रेडिओचे एक पथक पोर्ट ब्लेअरला होते. दूरध्वनी बंद पडले असताना त्यांनी एचएफवरून (लघुलहरींवरून) अंदमानातले निरोप मुख्य भूमीवर पोहोचवले. संकटात मिळेल त्या आधाराला, बसेल तेवढी तार बांधावी लागते आणि तिथे ट्यूनर मोलाचा ठरतो. अशा दिवशी प्रत्येक वॉट हवा असतो, म्हणून तो कुठे जातो हे आजच माहीत असायला हवे.

तेव्हा आधी तार नीट मोजा आणि उंच बांधा, मग फीडर विचारपूर्वक निवडा, आणि ट्यूनर सर्वात शेवटी घ्या. या क्रमाने गेलात, तर साध्या तारेवरूनही समुद्रापार बोलता येते.