गृहपाठ आणि मुलांची संध्याकाळ

शाळा सुटून घरी आलेले सात-आठ वर्षांचे मूल दप्तर कोपऱ्यात टाकते आणि घास तोंडात असतानाच दाराकडे धावते. तेवढ्यात आतून विचारणा होते, "गृहपाठ किती दिलाय?" या एका प्रश्नाने त्याच्या साऱ्या संध्याकाळीचा निकाल लागतो.

जुन्या मराठी घरांत अभ्यास नव्हता असे नाही. दिवेलागणीला परवचा होई. पाढे, पावकी, निमकी यांची उजळणी होई. परंतु त्यापूर्वीचा वेळ लगोरीचा, लंगडीचा आणि आट्यापाट्यांचा असे. आज गृहपाठ नेमका त्याच वेळेवर येऊन बसतो, आणि मागोमाग शिकवणी येते ती वेगळीच.

या प्रश्नाचा विचार अधिकारी व्यक्तींनी केलेला आहे. प्राध्यापक यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ साली दिलेल्या अहवालात असे दाखवून दिले, की दप्तराच्या वजनाहूनही न समजलेल्या पाठाचे ओझे अधिक घातक असते. प्राथमिक वर्गांना घरच्या परिसरातील निरीक्षणाखेरीज गृहपाठ देऊ नये, अशी शिफारस तिने केली. पुढे २०२० च्या शालेय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ मुळीच नको आणि तिसरी ते पाचवीला आठवड्यातून फार तर दोन तास, असे प्रमाण सुचविले गेले. सहा दिवसांत वाटले तर हे रोजचे वीस मिनिटे होतात!

मग दोष केवळ शाळांचा मानावा काय? तसे म्हणणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. वही कोरी दिसली की अस्वस्थ होणारे पालकच असतात, आणि पानेच्या पाने लिहवून घेणारी शाळा त्यांनाच चांगली वाटते.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कुटुंबांत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्या वडोदऱ्यात आज अनेक मराठी मुले गुजरातीतून वा इंग्रजीतून शिकतात, इंदूर-ग्वाल्हेरला हिंदीतून. अशा मुलांची मराठी वाचण्याची वेळ फावल्या वेळापुरतीच उरते. गृहपाठ वाढला की पहिला घाला पडतो तो खेळावर आणि आजीच्या गोष्टीवर, म्हणजे पर्यायाने मातृभाषेवर. यावर उपाय म्हणून मराठी शुद्धलेखनाच्या दहा ओळी आणखी लादणारे पालकही आढळतात. त्यापेक्षा वाणसामानाची यादी मुलाकडून मराठीत लिहवून घ्यावी, मावशीला पाठवायच्या पत्रात त्याच्या चार ओळी घालाव्यात. ते त्याला काम वाटत नाही.

घरच्या व्यवस्थेविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. आल्याबरोबर खाणे, दिवे लागेपर्यंत मोकळे खेळणे, नंतर एकाच बैठकीत अभ्यास, हा क्रम बहुतेक मुलांना मानवतो. वडीलधाऱ्यांनी जवळ बसावे, पण पेन्सिल हाती घेऊ नये. अर्ध्या तासात गृहपाठ उरकला नाही, तर रात्र जागवू नये. वही मिटावी आणि कोठे अडले ते दोन ओळींत वर्गशिक्षकांना कळवावे. आईने पूर्ण करून दिलेल्या वहीपेक्षा चांगल्या शिक्षकाला ती चिठ्ठी अधिक उपयोगी पडते. आदल्या दिवशीचा कोणता भाग मुलाला कळला नाही, हे तिच्यावरून त्याला समजते.