स्क्रिप्ट थांबविताना

संगणकाकडून काम कसे करवून घ्यावे हे हल्ली शाळेपासून शिकविले जाते. परंतु चालू असलेले काम मध्येच थांबविण्याचा प्रसंग आला असता ते कसे थांबवावे, याकडे जितके लक्ष द्यावयास हवे तितके दिले जात नाही. गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली नेदरलँड्समध्ये प्रसिद्ध केलेली पायथन ही भाषा आज सर्वांच्या परिचयाची असल्याने तिच्यापुरतेच बोलतो.

'सिस डॉट एक्झिट' असे लिहिले की प्रोग्राम तत्क्षणी संपतो, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः त्या हुकुमाने 'सिस्टिम एक्झिट' नावाचे एक एक्सेप्शन तेवढे उपस्थित होते, आणि ते एकेका फंक्शनमधून बाहेर पडत असता वाटेतील प्रत्येक 'फायनली' विभागाची तामील होते, 'विथ'ने उघडलेल्या फायली रीतसर बंद होतात, आणि बदलीचा हुकूम आलेला मामलेदार दप्तर व खजिना मोजून देऊन मगच कचेरी सोडतो, तसा प्रोग्राम निरवानिरव करून निघतो. याउलट 'ओएस' या मॉड्यूलमधील, अंडरस्कोरने आरंभ होणारे 'एक्झिट' यांपैकी कशाचीही वाट पाहत नाही. बफरमध्ये राहिलेला मजकूर फाइलीत उतरतही नाही. ते सर्रास वापरणे मला सर्वथा अनुचित वाटते.

एक्सेप्शनचे नाव न देता लिहिलेले 'एक्सेप्ट' हाही एक मोठा उपद्रव आहे, कारण ते 'सिस्टिम एक्झिट'लाच नव्हे, तर कंट्रोल आणि सी ही बटणे दाबली असता उपस्थित होणाऱ्या एक्सेप्शनलाही अडवून धरते. २००६ सालच्या २.५ आवृत्तीत ही दोन्ही एक्सेप्शने सामान्य 'एक्सेप्शन' वर्गाबाहेर काढली गेली. तेव्हा 'एक्सेप्ट एक्सेप्शन' असे लिहिणाराला ही बाधा होत नाही.

परंतु माझा खरा आग्रह निराळाच आहे. संपताना प्रोग्राम एक अंक मागे ठेवतो. शून्य म्हणजे काम यथासांग झाले, अन्य कोणताही अंक म्हणजे बिघाड. रात्री आपोआप चालून नवी प्रत काढणाऱ्या एखाद्या स्क्रिप्टला हवी ती फाइल सापडली नाही, आणि लिहिणाराने 'सिस डॉट एक्झिट'चा कंस रिकामा ठेवला, तर बाहेर शून्यच जाते. मग तिच्यामागे लावलेली, जुनी प्रत पुसून टाकणारी स्क्रिप्ट त्या शून्यावर भरवसा ठेवून नि:शंकपणे आपले काम उरकते. त्याच कंसात बिघाडाचे कारण सांगणारे एक वाक्य अवतरणचिन्हांत लिहिले, तर ते पडद्यावर उमटते आणि अंकही १ जातो.