मशीन घेताना आधी बाईचा हिशेब

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

संघटनेनं स्वतःचा छोटा छापखाना घालायचा असेल तर मशीन कोणतं घ्यावं, यावर मी बोलायचं ठरलं आहे. मी समाजकार्य शिकलेली बाई, मशीनची तज्ज्ञ नव्हे. पण आमच्या संघटनेत या प्रश्नावर दोन वर्षं चर्चा झाली, भांडणं झाली, पैसे वाया गेले, मग थोडं शहाणपण आलं. ते तुमच्यापुढे ठेवते.

आधी, आम्हाला स्वतःचा छापखाना का हवासा वाटला ते सांगते. २०१६ साली आम्ही कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणासाठी एक पुस्तिका बाहेरच्या छापखान्यातून छापून घेतली. त्यात घरगुती हिंसाचाराच्या काही हकिगती होत्या. नावं बदललेली होती. पुस्तिका आली, वाटली, संपली. महिनाभरानं त्यातलीच एक बाई आमच्या केंद्रावर आली आणि तिनं पिशवीतून एक चुरगळलेला कागद काढला. बाजारात शेंगदाणे त्यात बांधून मिळाले होते. छापताना खराब झालेली पानं रद्दीत गेली होती. नाव तिचं नव्हतं. पण गाव, नवऱ्याचा धंदा, मुलींची संख्या सगळं तिचंच होतं. ती चिडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, ‘ताई, दुकानदारानं वाचलं असेल का हो?’

छापखानेवाल्याची रद्दी विकायची रीतच होती. मोठी चूक आमची होती. ओळख पटेल असे तपशील आम्ही ठेवले, आणि खराब पानांचं काय होतं हे कधी विचारलं नाही. तिच्यावर लैंगिक अत्याचार झालेला असता तर ओळख उघड होईल असा मजकूर छापणं हा तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम २२८अ खाली गुन्हाही ठरला असता. त्या दिवशी ठरलं, की बायकांचे कागद आपल्याच छताखाली छापायचे.

मग आम्ही दुसरी चूक केली. एका कंपनीनं आपलं वापरलेलं रंगीत मशीन देणगी म्हणून देऊ केलं आणि आम्ही हरखून गेलो. फुकट मिळतंय, नको कसं म्हणायचं? ते टेम्पोतून आलं, दारातून आत जाईना म्हणून चौकट काढली. चार महिने चाललं, मग ड्रम गेला. त्या मॉडेलचे सुटे भाग मिळणं अवघड, दुरुस्तीचा माणूस जिल्ह्याच्या गावाहून येणार, त्याच्या एका फेरीचे पैसे आमच्या एका कार्यकर्तीच्या आठवड्याच्या मानधनाएवढे. शेवटी त्यावर आम्ही फायली ठेवायला लागलो. फुकटचं मशीन आम्हाला फार महाग पडलं.

तिसऱ्यांदा आम्ही उलट्या बाजूनं सुरुवात केली. भिंतीवर एक मोठा कागद लावला आणि तीन महिने जे जे छापून घेतलं ते त्यावर लिहीत गेलो. काम कोणतं, मजकुराची पानं किती, प्रती किती, गुपित आहे की नाही. मैत्रिणींनो, बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण हा कागद लावा. त्यातून आम्हाला दिसलं की आमची कामं तीन जातीची आहेत.

पहिली जात पत्रकांची. मजकूर एक पान, प्रती दोन हजार. दुसरी पुस्तिकांची. ए-फाइव्ह आकाराची ३२ पानी पुस्तिका घ्या. एका ए-फोर कागदावर पाठपोट मिळून चार पानं बसतात, म्हणजे एका पुस्तिकेला आठ कागद. ५०० प्रतींना ४,००० कागद आणि दोन्ही बाजू धरून ८,००० छाप. तिसरी जात केसच्या कागदांची. अर्ज, जबाब, पुरावे. प्रती दहा-वीस, पण सगळ्यात जास्त गुपित.

आता मशीनकडे येऊ. आपल्या कामाला दोन प्रकार पुरतात. एक डिजिटल डुप्लिकेटर. जपानच्या कंपनीच्या नावावरून बाजारात त्याला रिसोच म्हणतात. आपल्या जुन्या ताया सायक्लोस्टाइलवर स्टेन्सिल कापून पत्रकं काढायच्या, त्याचीच ही लेक. मशीन मजकुराचा मास्टर स्वतः तयार करतं, तो ड्रमवर गुंडाळतं आणि मिनिटाला शंभराच्या आसपास प्रती काढतं. मास्टरचा खर्च एकदाच येतो, म्हणून प्रती जितक्या जास्त तितकं पान स्वस्त. कागद तापवायचा नसल्यानं वीजही कमी लागते. पण वीस प्रतींसाठी मास्टर वाया घालवणं परवडत नाही. शाई ओली राहते, हाताला लागते. दुसरी बाजू छापायला थांबावं लागतं. गुळगुळीत आर्ट पेपर चालत नाही, शाई शोषणारा साधा कागद लागतो.

दुसरा प्रकार टोनरचा, म्हणजे लेझर प्रिंटरचा थोरला भाऊ. एक प्रत काढा नाहीतर शंभर, दर पानाचा खर्च जवळपास तेवढाच. पाठपोट छापतो, पानं क्रमानं लावून देतो, कोरडं पान हातात येतं. पण टोनर कागदावर वितळवून बसवायला उष्णता लागते, म्हणून वीज जास्त. बऱ्याच मशीनना १५ अँपिअरचा वेगळा पॉइंट, नीट अर्थिंग आणि आपल्याकडच्या व्होल्टेजला स्टॅबिलायझर लागतो. घरातला इन्व्हर्टर त्याला पुरत नाही.

माहितीपत्रकातल्या दोन आकड्यांपासून सावध राहा. ‘महिन्याला कमाल इतकी पानं’ हा मशीनच्या सहनशक्तीचा आकडा असतो. ‘महिन्याला किती छापावं अशी शिफारस आहे?’ असं विचारा. उत्तर बरंच लहान येईल. आणि ‘एका टोनरमध्ये इतकी पानं’ हा हिशेब बहुतेक वेळा पानाचा सुमारे ५ टक्के भागच काळा होईल असं धरून केलेला असतो. आपल्या पोस्टरवर ठसठशीत काळी मूठ असते, ती किती टोनर खाते ते बघाच.

देखभालीच्या करारात ड्रम आणि फ्यूजर धरलेत का, की फक्त मजुरी, हे लेखी घ्या. दुरुस्तीचा माणूस किती तासांत येईल तेही. आणि एक गोष्ट दुकानदार आपणहून सांगत नाही. पुष्कळ मोठ्या मशीनमध्ये हार्ड डिस्क असते आणि छापलेल्या कागदांच्या प्रतिमा तीत राहू शकतात. त्या आपोआप पुसल्या जाण्याची सोय आहे का, मशीन परत देताना डिस्क आपल्याकडे राहील का, हे विचारा. नाहीतर रद्दी थांबवली आणि बाईचा जबाब मशीनबरोबर दुसऱ्याच्या घरी गेला, असं व्हायचं.

आता खरा मुद्दा. आमच्या खजिनदार ताईंनी दर पानाचा खर्च काढला. मशीनची किंमत ६० महिन्यांत वाटली, त्यात टोनर, कागद, वीज, देखभाल मिळवली. बाहेरच्यापेक्षा पान निम्म्यात पडत होतं. सगळ्या खूश. तेव्हा केंद्रावर झाडलोट आणि चहापाणी बघणारी आमची मैत्रीण म्हणाली, ‘यात मशीनशी उभी राहणारी बाई कुठाय?’

आम्ही गप्प झालो. घरकामाचं मोल मांडा म्हणून आपण व्यासपीठावरून बोलतो, आणि आमच्याच तक्त्यात बाईच्या श्रमाचा रकाना नव्हता. ‘कुणीतरी कार्यकर्ती करेल की’ असं आम्ही धरून चाललो होतो. छापखान्याच्या धंद्यात बाई नवी नाही. पानं घडी घालणं, फॉर्म जुळवणं, शिवणं या कामांत ती होतीच, नगावर मिळणाऱ्या मजुरीत. मशीन चालवायचं काम मात्र पुरुषाचं समजलं जायचं. १८६० साली लंडनमध्ये एमिली फेथफुलनं व्हिक्टोरिया प्रेस काढून बायकांना खिळे जुळवायला बसवलं, तेव्हा पुरुष कामगारांनी कडाडून विरोध केला. आपण तर विरोधाशिवायच बाईला हिशेबाबाहेर ठेवलं होतं.

मग तक्ता नव्यानं मांडला. पहिली ओळ तिच्या पगाराची. दुसरी तिच्या प्रशिक्षणाची. पानाचा खर्च वाढला, बाहेरच्या दराच्या जवळपास गेला. तरीही छापखाना घालायचा असं ठरलं, कारण आता आपण कशासाठी पैसे मोजतो हे कळत होतं: गुप्ततेसाठी आणि एका बाईच्या पक्क्या रोजगारासाठी.

पहिल्या ओळीत बाई आल्यावर मशीन बघायची नजरही बदलली. प्रात्यक्षिकाला आम्ही पदाधिकारी बाजूला उभ्या राहिलो आणि जी चालवणार तिलाच पुढे केलं. आपलाच कागद नेला, आपलीच मराठी फाइल नेली. जुन्या फाँटमधली जोडाक्षरं तुटतात का, बारीक टायपात अनुस्वार आणि रफार शाईनं बुजतात का, ते पाहिलं. मुद्दाम कागद अडकवला आणि तो तिनं एकटीनं काढून दाखवायचा असं ठरवलं. एका मशीनचा मागचा दरवाजा तिच्या हाताला पोचेना; ते तिथंच बाद झालं. ए-फोरच्या ७५ जीएसएमच्या एका रिमचं वजन साधारण सव्वादोन-अडीच किलो, दहा रिमांचा खोका तेवीस-चोवीस किलोंचा. तो रोज उचलणार कोण? म्हणून पाच रिमांचे खोके मागवायचं ठरलं. खोलीला समोरासमोर खिडक्या हव्यात. पावसाळ्यात कागद दमट होऊन अडकतो, म्हणून उघडा रिम प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचा. सांडलेला टोनर गरम पाण्यानं पुसायचा नाही, तो चिकटून बसतो.

शेवटी आम्ही एका रंगाचा डुप्लिकेटर आणि ए-थ्री कागद घेणारं काळं-पांढरं टोनर मशीन अशी दोन घेतली. रंगीत मुखपृष्ठं अजून बाहेर छापतो, कटिंगही बाहेरच. ते पातं बोटांना परवडणारं नाही. खराब पानांसाठी मशीनशेजारी कुलपाची पेटी आहे. संध्याकाळी पानं मोजून फाडली जातात.

सगळ्यांनी मशीन घ्यावं असं मी म्हणत नाही. तुमच्या भिंतीवरच्या कागदावर कामं थोडी दिसली तर घेऊ नका, किंवा दोन-तीन संघटनांनी मिळून घ्या. निवडणुकीच्या काळात पत्रकं काढणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७क नुसार निवडणूक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतो. मशीन आपलं झालं की मुद्रक म्हणून जबाबदारीही आपली होते.

ज्या मैत्रिणीनं तो प्रश्न विचारला, तीच आज आमचा छापखाना चालवते. आमच्या पुस्तिकांवर मुद्रक म्हणून संघटनेचं नाव असतं, त्याखाली ‘मशीनवर’ असं लिहून तिचं. आणि शेंगदाण्यांचा कागद घेऊन आलेली ती बाई? पुढच्या पुस्तिकेचा मजकूर छापण्याआधी आम्ही तिला वाचायला दिला. तिनं दोन ओळी खोडल्या आणि म्हणाली, ‘आता छापा.’