कधी झालं नाही, म्हणून?

परवा गटाच्या बैठकीत एक जण सांगत होती, "घराला नवऱ्याबरोबर माझंही नाव लावा म्हटलं, तर मामंजी म्हणाले, आपल्यात बाईचं नाव कधी लागलं नाही, म्हणजे लावायचं नसतं." ती गप्प बसली. मला आपल्या महाडचं चवदार तळं आठवलं.

20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह त्या तळ्याचं पाणी प्यायले. पुढे काही सवर्ण मंडळी कोर्टात गेली. म्हणणं काय, तर अस्पृश्यांनी इथं कधी पाणी भरलं नाही, ही पूर्वापार रूढी, म्हणून त्यांना हक्क नाही.

ऐकायला पक्कं वाटतं ना? अशा वेळी दोन गोष्टी तपासायच्या. दिलेला आधार खरा आहे का? आणि खरा धरला, तरी त्यातून निष्कर्ष निघतो का? माणूस पाण्याला आला नाही, तो हक्क नव्हता म्हणूनच, हे कशावरून? मार बसेल या भीतीनंही कुणी येत नाही. (गुरंढोरं मात्र त्याच तळ्यावर खुशाल पाणी पीत!) 17 मार्च 1937 ला मुंबई हायकोर्टानं सांगितलं, अशी अनादी रूढी सिद्ध झालेली नाही. आधारच लंगडा निघाला. पण दहा वर्षं गेली त्यात.

मामंजींचा आधार खराच असेल, त्यांच्या घरात बाईचं नाव लागलं नसेल. पण 'लागलं नाही' यावरून 'लागत नाही' कसं ठरतं? ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नवराबायको दोघांची नावं लागतात. सोमवारी आम्ही दोघी अर्ज घेऊन जातोय. मामंजींनाही या म्हटलंय.