आधी मजकूर, मग सजावट

आज एक छोटी चाचणी. कॉम्प्युटरवर तुमची वेबसाइट उघडा आणि एखादी सूचना माउसने सिलेक्ट करून बघा. अक्षरं सिलेक्ट होत नाहीत? मग तो बहुधा मजकूर नाही, चित्र आहे.

आपल्याकडे मराठी सूचना सर्रास जेपीजी करून टाकतात. अंध वाचकाचा स्क्रीन रीडर तिथे नुसतं ‘ग्राफिक’ म्हणतो, फार तर फाइलचं नाव वाचतो. अर्जाची शेवटची तारीख त्या चित्रातच असेल, तर त्याची संधी गेली की हो! कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टचंही तेच. दिसतं मराठी, पण आत साठवलेली अक्षरं रोमन. रीडर भलतंच वाचतो.

मग करायचं काय? मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. मथळा नुसता ठळक करू नका, त्याला हेडिंगचा टॅग द्या. स्क्रीन रीडर वापरणारे मथळ्यांवरूनच पान चाळतात. कोडमध्ये पानाची भाषा ‘एमआर’ अशी नोंदवा, म्हणजे रीडरला मराठी आवाज निवडता येतो. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ ठेवा.

पोस्टर टाकायचंय? जरूर टाका. पण खाली तोच मजकूर टाइप करून द्या. एवढं आजच करा. भेटूया पुढच्या भागात!