लहरी चाचण्यांची दुरुस्ती



या शतकाच्या आरंभी 'भूमी' योजनेखाली कर्नाटकातील सुमारे २ कोटी पहाणीपत्रके संगणकावर आली, हे बीदरच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. अशा प्रणालीत बदल केला की स्वयंचलित चाचण्यांनी ती पडताळावयाची असते. यांतील काही चाचण्या मात्र लहरी निघतात. आज्ञावलीतील अक्षरही न बदलता पहाटे नापास, दुपारी पास! यंत्राचे घड्याळ ग्रिनिच वेळेचे आणि अपेक्षित तारीख भारतीय असेल, तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत दोन्ही तारखा जुळणारच नाहीत.

अशा चाचणीतील बदल तपासणीस आला, तर प्रथम कारण लेखी मागावे. 'पाच सेकंद थांब' किंवा 'पास होईपर्यंत पुन्हा चालव' एवढीच दुरुस्ती असल्यास ती परत पाठवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. थांबावयाचेच तर अपेक्षित उत्तर येईपर्यंत थांबावे, आणि तेही ठरावीक मर्यादेत.

इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये अपाचे संस्थेच्या ५१ प्रकल्पांतील अशा २०१ दुरुस्त्या अभ्यासल्या. वर्गीकरण झालेल्यांपैकी ४५ टक्क्यांचे मूळ प्रतीक्षेच्या चुकीत होते. तथापि सुमारे चतुर्थांश दुरुस्त्यांत मूळ आज्ञावलीलाच हात लावावा लागला आणि त्यांतील बहुतेकांत खरा दोष तेथेच दडलेला आढळला. भूमिलेखांच्या प्रणालीत अशी चाचणी लहरी म्हणून वगळली, तर तो दोष तहसील कचेरीच्या खिडकीशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या उताऱ्यात उमटेल.