तबकडी कापण्यापूर्वी

दिवाळी जवळ आली की गिऱ्हाइकाला भेट काय द्यावी, ही विवंचना वसई-विरारच्या व्यापाऱ्यासही पडते. जुन्या ध्वनिमुद्रिकेचे घड्याळ वा वाडगा करून त्यावर दुकानाचे नाव घालावे, असे एखाद्याच्या मनात येते. व्हिनाइलची तबकडी उष्णतेने मऊ होऊन हवी तशी वळते. मिनिटाला ७८ फेरे घेणारी लाखेची तबकडी मात्र ठिसूळ, ती फुटते. परंतु १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचे गाणे मुद्रित झाले, तेव्हापासूनचे कित्येक स्वर केवळ अशा तबकड्यांतच उरले आहेत. म्हणून चरे पडून मुकी झालेली तबकडी खुशाल कापावी; गाणारी मात्र आधी ऐकावी, जाणत्या संग्राहकास दाखवावी. भेटवस्तू दुसरीही मिळेल. हरपलेला गळा पुन्हा कोठून आणावा?